'कनिंग': कोरियन मुलांच्या वहीतला एक शब्द आणि त्याचा प्रवास

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका ताईंनी नुकतंच एका कोरियन कुटुंबातल्या सातवीच्या मुलाला इंग्रजी शिकवायला घेतलं आहे. त्याने निबंधात लिहिलं, 'माय फ्रेंड डिड कनिंग इन द टेस्ट.' ताईंनी शब्दकोश पाहिला, तर कनिंग म्हणजे धूर्त. 'मित्राने परीक्षेत धूर्त केलं' हे वाक्य कशातच बसेना. मुलाला विचारलं तर तो ठामपणे म्हणाला, हा इंग्रजीच शब्द आहे, आमच्याकडे सगळे म्हणतात. तर या शब्दाचा खरा अर्थ काय, तो आला कुठून आणि मुलाला समजवायचं कसं?

मी अठरा वर्षं पुण्यात कोरियन मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना इंग्रजी शिकवते आहे. नोकरीनिमित्त चार-पाच वर्षांसाठी इथे येणारी ही कुटुंबं. इतक्या वर्षांत हे वाक्य, मित्राच्या जागी भाऊ, बहीण, शेजारचा मुलगा असा फरक करून, मी कितीतरी वह्यांत वाचलं आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ताईंच्या विद्यार्थ्याचं म्हणणं. त्याच्या मित्राने परीक्षेत कॉपी केली, एवढंच त्याला सांगायचं आहे. कोरियन भाषेत परीक्षेतल्या कॉपीला 'खॉनिंग' म्हणतात. शब्द इंग्रजी 'कनिंग'च आहे, फक्त कोरियन तोंडात बसलेला. सरकारी कागदावर त्याला 'अयोग्य वर्तन' अशा अर्थाचा भारदस्त चिनी-कोरियन शब्द आहे, पण वर्गात, घरात, मालिकांत सगळीकडे खॉनिंगच. कॉपीची चिठ्ठी म्हणजे 'खॉनिंग फेइफॉ', अर्थात कनिंग पेपर. प्रमाण लेखनात त्यात एकच 'न' आहे, पण निम्मे लोक दोन 'न' लावून 'खॉन्निंग' लिहितात. म्हणजे मुलगा खोटं बोलत नव्हता. त्याच्या घरी हा रोजचा शब्द आहे आणि तो इंग्रजीतूनच आलेला आहे. फक्त इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला तो कळणार नाही.

इथे आपण मराठी माणसांनी जरा थांबावं असं मला वाटतं. कारण 'कॉपी' हा तरी आपण कुठून आणला? परीक्षेतली लबाडी म्हणजे कॉपी, ती रोखायला भरारी पथक, आणि दहावी-बारावीच्या हंगामात 'कॉपीमुक्त अभियान'. इंग्रजीत कॉपी म्हणजे नक्कल, प्रत. दुसऱ्याच्या पेपरातलं उतरवलं तर ती 'कॉपी' म्हणता येईल, पण बाकावर सूत्रं लिहून आणणं, बाहीत चिठ्ठी लपवणं, कुणी खिडकीतून उत्तर ओरडून सांगणं, या सगळ्याला कॉपी म्हणतो ते आपण. इंग्रजीत या सगळ्याला मिळून शब्द आहे 'चीट'.

सुरुवातीच्या वर्षांत मी एका विद्यार्थ्याच्या आईला इंग्रजीत सांगत होते की आमच्याकडेही मुलं परीक्षेत कॉपी करतात आणि बोर्ड त्यावर फार कडक आहे. त्या बराच वेळ ऐकत राहिल्या आणि मग हळूच विचारलं, परीक्षेत कॉफी प्यायला का बंदी आहे? कोरियन भाषेत 'फ' हा ओठ-दातांचा ध्वनी नाही, त्यामुळे कॉफीचं तिथे 'खॉपी' होतं. माझा कॉपी त्यांच्या कानाला कॉफी होता. त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट समजलं की मुलाच्या 'डिड कनिंग'वर लाल रेघ मारताना माझ्या स्वतःच्या तोंडात तशाच घडणीचा शब्द आहे.

घडण कशी तेही पाहा. कोरियन माणूस 'खॉनिंग-हादा' म्हणतो. हादा म्हणजे करणे. आपण 'कॉपी करणे' म्हणतो. बाहेरून आलेला शब्द नाम म्हणून उचलायचा आणि मागे 'करणे' जोडायचं, ही दोन्ही भाषांची सवय आहे. म्हणूनच मुलगा ते इंग्रजीत परत नेताना 'डिड' लावतो. त्याने व्याकरण चुकवलं नाही, आपल्या भाषेचं व्याकरण इमानाने पाळलं. हे त्याला सांगा. चूक कुठून आली हे कळलं की मूल ती चूक परत करत नाही. नुसतं खोडून दिलं की आठवड्याने पुन्हा करतं.

आता हा शब्द कोरियात पोचला कसा, ते. थेट इंग्रजांकडून नाही. तो जपानमार्गे आला. शंभरेक वर्षांपूर्वीच जपानी विद्यार्थ्यांच्या बोलीत 'कान्निंगु' हा शब्द परीक्षेतल्या लबाडीसाठी रुळला होता, आणि त्यांनीही त्याला 'सुरु', म्हणजे करणे, जोडलं होतं. १९१० ते १९४५ कोरियावर जपानची सत्ता होती. शाळा जपानी पद्धतीच्या, शिक्षणाची भाषा मुख्यतः जपानी. शाळेसोबत शाळेची बोलीही आली. सत्ता गेली, शब्द राहिले. पुढे कोरियाने अशा पुष्कळ शब्दांचे उच्चार इंग्रजीच्या जवळ आणले, म्हणून 'कान्निंगु'चं 'खॉनिंग' झालं. अर्थ मात्र जपानी वसतिगृहातलाच राहिला.

अशा वाटेने आलेला आणखी एक शब्द मी मुलांना हमखास सांगते, कारण तो ऐकून त्यांचे डोळे मोठे होतात. कोरियन भाषेत ब्रेडला 'प्पांग' म्हणतात. पोर्तुगीज लोकांनी जपानला नेलेला 'पाउं' तिथे 'पान' झाला आणि कोरियात 'प्पांग'. तेच पोर्तुगीज गोव्याला आणि वसईला उतरले आणि आपल्याकडे त्याचा 'पाव' झाला. वडापाव खाणाऱ्या कोरियन मुलाला जेव्हा कळतं की त्याच्या हातातला पाव आणि त्याच्या आजीच्या तोंडचा प्पांग एकच शब्द आहेत, तेव्हा त्याला पुणं थोडं कमी परकं वाटतं. शब्दाचं मूळ सांगण्याचा मला दिसलेला हा सगळ्यात मोठा उपयोग.

आता मुख्य प्रश्न. कनिंग हा शब्द इंग्रजीत मुळात काय होता?

तो होता 'जाणता'. अगदी अक्षरशः. जुन्या इंग्रजीत 'कुन्नान' असं क्रियापद होतं, अर्थ जाणणे, एखादी गोष्ट येणे. आजचं 'कॅन' हे त्याचंच रूप. आज कॅन म्हणजे शकणे, पण सहाशे वर्षांपूर्वी 'मला अमुक भाषा कॅन' असं नुसतं म्हणता येत असे, आपण 'मला इंग्रजी येतं' म्हणतो तसंच. जर्मन माणूस आजही तसंच म्हणतो. याच क्रियापदापासून चौदाव्या शतकाच्या सुमाराला 'कनिंग' रूढ झाला: जाणणारा, विद्या असलेला, हातात कसब असलेला. नाम म्हणून वापरला तर ज्ञान, कौशल्य.

त्याचं गणगोत पाहिलं तर आपण घरी परत येतो. 'नो', म्हणजे जाणणे, यातला पहिला अक्षर 'के' आज मुका आहे, पण पूर्वी त्याचा उच्चार होत असे. ग्रीकमधून आलेल्या 'डायग्नोसिस'मध्ये आणि लॅटिनमधून आलेल्या 'रेकग्नाइझ'मध्ये तोच धातू 'ग्न' होऊन बसला आहे. आणि संस्कृतात तो 'ज्ञा' आहे. ज्ञान, विज्ञान, आज्ञा, आणि प्राकृतातून वळून आलेलं आपलं जाणणे, जाण, जाणीव, अजाण, जाणता. म्हणजे कनिंग आणि जाणता हे दूरचे पण रक्ताचे भाऊ. कोरियन या कुळातली नाही, त्यामुळे मुलांना हे नातं त्यांच्या भाषेतून दाखवता येत नाही. पण शिकवणारा मराठी असेल तर त्याला हा शब्द आतून कळू शकतो, आणि तो फायदा आपण घ्यावा.

मग जाणत्याचा धूर्त कसा झाला?

सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत कनिंगला 'कौशल्याने फसवणारा' हा अर्थ चिकटलेला दिसतो. पण जुना अर्थ लगेच गेला नाही. १६११ साली राजाज्ञेने निघालेल्या इंग्रजी बायबलमध्ये एसाव हा 'कनिंग' शिकारी आहे, म्हणजे शिकारीत तरबेज. तरुण दावीद वीणा वाजवण्यात 'कनिंग' आहे. आणि बाबिलोनच्या वनवासातल्या ज्यूंच्या त्या प्रसिद्ध स्तोत्रात गाणारा म्हणतो की जेरुसलेमला मी विसरलो तर माझा उजवा हात आपलं कनिंग विसरो. इथे धूर्तपणाचा मागमूस नाही. वाजवणाऱ्या हाताचं कसब, एवढंच. आजच्या सुधारित आवृत्त्यांत तिथे 'स्किल' घालतात, कारण आजचा वाचक गोंधळतो.

त्याच काळात इंग्लंडच्या गावोगाव 'कनिंग मॅन' आणि 'कनिंग वुमन' असत. हरवलेली गाय कुठे आहे, चोरी कुणी केली, पोराला कुणाची दृष्ट लागली, हे सांगणारी, झाडपाला देणारी, मंत्र घालणारी माणसं. आपल्याकडे खेड्यात 'जाणत्याला दाखवून आणा' म्हणतात, तोच जाणता. शब्दसुद्धा तोच, हे मला प्रत्येक वेळी नव्याने नवलाचं वाटतं. अशा माणसाचा गावाला आधार असतो आणि धाकही. याला जे कळतं ते मला कळत नाही. मग हा ते माझ्याविरुद्ध वापरणार नाही कशावरून? जाणत्यावरचा विश्वास आणि जाणत्याचा संशय शेजारी शेजारी राहतात. शब्द हळूहळू संशयाच्या बाजूला कलला.

हा उतार एकट्या कनिंगच्या वाट्याला आला असं नाही. इंग्रजीत 'क्राफ्ट' म्हणजे कारागिरी, पण 'क्राफ्टी' म्हणजे कावेबाज. 'आर्ट' म्हणजे कला, पण 'आर्टफुल' म्हणजे लुच्चा. आणि मराठीत? 'शहाणा' घ्या. तो संस्कृत 'सज्ञान'पासून आला असं मानतात, म्हणजे त्याच्याही पोटात तोच 'ज्ञा' आहे. शहाणा मुलगा म्हणजे गुणी मुलगा. पण 'फार शहाणा आहेस', 'शहाणपणा करू नकोस', 'दीडशहाणा', आणि अति शहाणा त्याचा बैल रिकामा. उस्ताद गायला बसतो, आणि 'मोठा उस्ताद आहे तो' म्हटलं की खिसा सांभाळायचा. 'कलाकार'चंही हल्ली तेच झालं आहे.

कोरियन मुलांना मी हे त्यांच्याच शब्दांवर दाखवते. त्यांच्याकडे 'क्वे' असा एक छोटा शब्द आहे: युक्ती, डाव, डोकं लढवणं. क्वे सुचली तर कौतुक. पण त्याच क्वेला 'ब्यंग', म्हणजे आजार, जोडलं की 'क्वेब्यंग': शाळा चुकवायला पोटात दुखल्याचं सोंग. इथवर आलं की मुलं हसतात, कारण प्रत्येकाने ते केलेलं असतं. मग मी म्हणते, कनिंग इथे राहतो. क्वेच्या घरात. परीक्षेच्या हॉलमध्ये नाही.

सगळे शब्द उतारावरच जातात असंही नाही. 'श्रूड' आज चाणाक्ष या चांगल्या अर्थाने वापरतात. मुळात तो दुष्ट, खोडसाळ असा होता. आणि 'प्रिटी', ज्याचा अर्थ आज सुंदर, तो जुन्या इंग्रजीत चक्क 'कावेबाज' होता. 'क्यूट' हा 'अक्यूट'चा तुकडा, म्हणजे तीक्ष्ण बुद्धीचा, चलाख. तिथून अमेरिकेत तो गोंडस झाला. इतकंच काय, एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत लहान बाळालाही लाडाने 'कनिंग' म्हणत, आणि त्या काळातल्या घरगुती कथा वाचताना कोरियन विद्यार्थी तिथे अडखळतात. हे कोड्यासारखं वाटतं, पण मराठी आईला ते क्षणात कळेल. दीड वर्षाचं पोर चमचा पाठीमागे लपवून 'नाही' म्हणतं तेव्हा आपण काय म्हणतो? 'लबाड कुठलं!' आणि उचलून मुका घेतो. लबाड हा शब्द कोर्टात शिवी आहे आणि पाळण्यापाशी लाड.

हे सगळं मुलाला एका बैठकीत सांगायचं नाही. पण शिकवणाऱ्याला ते माहीत असावं, कारण या शब्दावरून खरोखर माणसं दुखावतात. एक प्रसंग सांगते.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थ्याला, तेव्हा तो नववीत होता, शाळेच्या गणिताच्या वहीत शेरा मिळाला. त्रिकोणाचा मध्य शोधायचं कोडं होतं. बाकीच्यांनी पट्टी आणि कंपास वापरला. याने कागदाचा त्रिकोण कापला, तीन घड्या घातल्या आणि घड्या जिथे मिळाल्या तिथे टिंब काढलं. शिक्षकांनी लाल शाईने लिहिलं, 'अ कनिंग सोल्यूशन!' त्यांनी ते मनापासून, शाबासकी म्हणून लिहिलं होतं. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत हा वापर अजून आहे. घरी आईने वही उघडली आणि तिला दिसलं, शिक्षक म्हणतात माझ्या मुलाने कॉपी केली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या माझ्याकडे आल्या. वही प्लास्टिकच्या पिशवीत, दोन्ही हातांनी धरलेली. कोरियन रीतीप्रमाणे मला 'सॉनसेंगनिम', गुरुजी, म्हणाल्या आणि मग काही वेळ बोलल्याच नाहीत. रात्री नवराबायको झोपले नव्हते. नवऱ्याने शाळेला माफीचं पत्र लिहून ठेवलं होतं. मुलगा म्हणत होता, मी काही केलं नाही, आणि त्याच्यावर घरात विश्वास ठेवायचा की शिक्षकांवर, हे त्यांना कळत नव्हतं. मी वही पाहिली. कागदाचा तो त्रिकोण पानावर चिकटवलेला होता, घड्यांच्या रेषा अजून उठून दिसत होत्या. मी त्यांना शेऱ्याचा अर्थ सांगितला. त्यांनी तो माझ्याकडून तीनदा वदवून घेतला आणि मग वहीवरच डोकं टेकवून रडल्या.

त्यांचं घाबरणं नीट समजून घ्यायला हवं. कोरियात परीक्षा म्हणजे काय हे बाहेरून कळत नाही. इसवी सन ९५८ मध्ये गोर्यो राजवटीने सरकारी नोकरीसाठी परीक्षा सुरू केली, आणि ती पद्धत १८९४ पर्यंत चालली. म्हणजे नऊशेहून जास्त वर्षं घराण्याचं नशीब एका उत्तरपत्रिकेवर. आज त्या जागी नोव्हेंबरमधली महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षा आहे, 'सुनुंग'. त्यातल्या इंग्रजीच्या ऐकण्याच्या प्रश्नांच्या वेळी आवाज नको म्हणून देशभर विमानांचं उडणं-उतरणं थांबवतात. २००४ च्या सुनुंगमध्ये मोबाइलवरून उत्तरं पाठवल्याचं प्रकरण उघडकीस आलं तेव्हा सगळा देश हादरला होता, आणि त्यानंतर परीक्षेच्या खोलीत इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर फार कडक बंदी आली. अशा समाजातून आलेल्या आईला 'खॉनिंग' हा शब्द वहीत दिसणं म्हणजे काय, याचा विचार त्या शिक्षकांनी करायला हवा होता असं मी म्हणणार नाही. त्यांना तो अर्थ ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. पण मला ठाऊक होता, आणि मी त्या मुलाला दोन वर्षं शिकवत असून हा एक शब्द त्याच्या घरापर्यंत पोचवला नव्हता. तेव्हापासून कुठलंही कोरियन मूल माझ्याकडे आलं की पहिल्या महिन्यातच मी हा शब्द घेते, आणि आईवडिलांना बोलावून घेते.

आता प्रत्यक्ष शिकवायचं कसं. ताई, तुम्ही 'कनिंग' खोडून 'चीट' लिहून देऊ नका. तसं केलं तर मुलगा दोन्ही शब्द एकमेकांचे पर्याय समजतो आणि पुढच्या निबंधात कोल्हा 'चीटिंग अॅनिमल' होतो. मीही ही चूक केली आहे. त्याऐवजी दोन शब्दांना दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं करा. नियम मोडला का? मोडला असेल तर चीट. डोकं आडवळणाने चाललं का? चाललं असेल तर कनिंग. चीट हे माणसाने केलेलं कृत्य. कनिंग हा त्याच्या डोक्याचा गुण. म्हणून चीट क्रियापद आहे आणि कनिंग विशेषण. कनिंगला 'डिड' चालत नाही, 'वॉज' लागतं. नियम न मोडता माणूस कनिंग असू शकतो. आणि अगदी मठ्ठपणेही चीट करता येतं: शेजाऱ्याचा पेपर उतरवताना त्याचं नावसुद्धा उतरवणारा मुलगा चीट आहे, पण कनिंग मुळीच नाही. हे उदाहरण मुलं कधी विसरत नाहीत.

'चीट'चं मूळही सांगून टाका, ते छोटं आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये कुणी वारस न ठेवता मेला की त्याची जमीन सरंजामदाराकडे किंवा राजाकडे परत जाई. त्याला 'एस्चीट' म्हणत. ती जप्त करणारे अधिकारी इतके बदनाम झाले की त्यांच्या कामाच्या नावाचा पुढचा भाग गळून उरलेला 'चीट' हा फसवणुकीचा शब्द झाला. शब्दयोगी अव्ययाचाही एक खड्डा आहे. अमेरिकन इंग्रजीत 'चीटेड ऑन द टेस्ट', ब्रिटिश वळणात 'इन'. कोरियन पाठ्यपुस्तकं अमेरिकन धाटणीची, पुण्यातल्या शाळा ब्रिटिश वळणाच्या. दोन्ही बरोबर आहेत हे सांगा, नाहीतर मुलाला वाटतं एक शिक्षक चुकतो आहे. कॉपीच्या चिठ्ठीला 'चीट शीट' म्हणता येतं.

कोरियन भाषेत धूर्त या अर्थाचा शब्दकोशातला प्रतिशब्द 'ग्योह्वालहादा' आहे. तो मुलांना फार काळाकुट्ट वाटतो, कपटी, कारस्थानी असा. कनिंग त्याहून हलका आहे. त्यात थोडं कौतुक अजून शिल्लक आहे, जुन्या 'जाणत्या'चं. उलट 'तोक्तोखादा', म्हणजे हुशार, हा शब्द फार स्वच्छ आहे. कनिंग या दोघांच्या मधे कुठेतरी बसतो. म्हणून कुणाच्या मुलाला तोंडावर 'कनिंग' म्हणू नये, कौतुक म्हणूनही नाही. योजनेला म्हणावं, उत्तराला म्हणावं, गोष्टीतल्या प्राण्याला म्हणावं.

आणि गोष्टीतला प्राणी कोरियन मुलाकडे तयार आहे. माझा शेवटचा धडा नेहमी त्यावरच असतो. समुद्राचा नागराजा आजारी पडतो, औषधाला सशाचं काळीज, म्हणजे यकृत, हवं असतं. कासव किनाऱ्यावर येऊन सशाला समुद्राखालच्या सुखाची लालूच दाखवतं आणि पाठीवर बसवून नेतं. खाली पोचल्यावर सशाला खरं कळतं. तो शांतपणे म्हणतो, आधी सांगायचं ना, मी तर यकृत धुऊन खडकावर वाळत घातलंय, चल, घेऊन येऊ. आणि किनारा लागताच पळून जातो. ही गोष्ट ऐकून तुम्हाला मगरीच्या पाठीवरचं माकड आणि जांभळाच्या झाडावर ठेवलेलं काळीज आठवलं असेल, तर बरोबरच आठवलं. पंचतंत्रात आणि जातककथांत ती आहे, आणि बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे ती कोरियात गेली. वाटेत माकडाचा ससा आणि मगरीचं कासव झालं. ११४५ साली लिहिलेल्या कोरियन इतिहासग्रंथात ती एका खऱ्या माणसाच्या सुटकेत येते. ६४२ साली सिल्ला राज्याचा किम छुनछू शेजारच्या गोगुर्यो राज्यात मदत मागायला गेला आणि कैदेत पडला. तिथल्या एका दरबाऱ्याने त्याला नुसती ही ससा-कासवाची गोष्ट सांगितली. किम समजला. राजाला हवी ती जमीन द्यायचं वचन देऊन तो सुटला, आणि सीमा ओलांडल्यावर म्हणाला, ते माझ्या हातात नाही. पुढे तो सिल्लाचा राजा झाला.

गोष्ट सांगून झाली की मी एकच प्रश्न फळ्यावर लिहिते: कोण चीट, कोण कनिंग? आणि वीस मिनिटं बोलत नाही.

गेल्या वर्षी सहावीतली एक मुलगी होती, तिनेही पहिल्या आठवड्यात 'डिड कनिंग' लिहिलं होतं. त्या दिवशी तिने बराच वेळ पेन्सिल चावली, दोनदा खोडलं, आणि वही माझ्याकडे सरकवली. त्यात तीन वाक्यं होती. 'द टर्टल चीटेड फर्स्ट. द रॅबिट डिड नॉट चीट. द रॅबिट वॉज कनिंग, बिकॉज ही वॉन्टेड टु लिव्ह.'